माझ्या आरशातली हिरवी गाडी

आता माझ्यात मेंढ्यांची वैरण साठवतात. पुढची दोन चाके काढून नेली आहेत, इंजिन गेले आहे, आणि डाव्या दाराची काच खाली सरकली ती वर येत नाही. तरी मित्रांनो, मी एकोणीस वर्षे रस्त्यावर काम केलेली गाडी आहे. त्या एकोणीस वर्षांतली बत्तीस मिनिटे मला तुम्हाला सांगायची आहेत. बाकीचे थोडक्यात सांगते.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. तिथून माझ्यासारख्या गाड्या दर काही मिनिटांनी बाहेर पडत, त्यामुळे जन्माबद्दल अभिमानाने सांगण्यासारखे काही नाही. चार वर्षे मी एका औषधविक्रेत्याकडे होते. मग डोलीना मॅकॅस्किलने मला विकत घेतले आणि बोटीत घालून स्कॉटलंडच्या पश्चिमेकडच्या या बेटावर आणले. बोटीच्या धक्क्याजवळचा पेट्रोलपंप, टपालाची खिडकी आणि पर्यटकांना भाड्याने द्यायच्या चार गाड्या, असा डोलीनाचा कारभार होता. त्या चारांत मी सर्वांत लहान आणि सर्वांत जास्त मागणीची. माझा आकार आमच्या रस्त्याला शोभणारा होता.

बेटावर रस्ता एकच आहे. धक्क्यापासून उत्तरेच्या टोकापर्यंत अकरा मैल. रुंदी एका गाडीपुरती. दोन्ही बाजूंना दलदल, चाक उतरले की ट्रॅक्टर बोलवावा लागतो. म्हणून दर चार-पाचशे पावलांवर रस्ता एका बाजूला थोडा फुगवला आहे आणि तिथे पांढरी पाटी लावली आहे. ती वाट द्यायची जागा. समोरून कोणी आले तर जो जागेच्या जवळ असेल त्याने थांबायचे. मागून कोणी आले तरी थांबायचे आणि त्याला पुढे जाऊ द्यायचे. जाणाऱ्याने स्टिअरिंगवरून एक बोट उचलायचे, थांबलेल्यानेही उचलायचे. एवढ्यात आभार होतात, विचारपूस होते आणि कोण कुठे निघाले आहे याची नोंदही होते.

हॉर्न मेंढ्यांसाठी असतो. माणसाला हॉर्न वाजवणे म्हणजे त्याच्या दारात उभे राहून शिवी देणे. आमच्याकडच्या मर्डोने तीस वर्षांपूर्वी एकदा पाद्रीसाहेबांना हॉर्न वाजवला होता. त्याला अजून सगळे भोंगा म्हणतात. त्याच्या मुलालाही म्हणतात.

पर्यटकांनी मला प्रेमाने वागवले, हे मी आधी सांगायला हवे. स्पेनहून आलेल्या एका मुलीने डाव्या हातावर पेनाने ‘इकडे’ असे लिहून घेतले होते. दर वळणावर ती हाताकडे बघे. नेदरलँडचा एक म्हातारा थांबलेल्या प्रत्येक मेंढीला टोपी काढून नमस्कार करत असे. एकच रस्ता असलेल्या बेटावर हरवलेले एक जोडपेही मी पाहिले आहे. बहुतेक जण शिकत, कारण डोलीना किल्ली देण्याआधी प्रत्येकाला तीन गोष्टी सांगे. डावीकडे चालवा. बोट उचला. आणि मागून कोणी आले तर जागा बघून थांबा.

वेंडेलला तिने दोनच सांगितल्या.

तो आणि त्याची बायको रोझलिन कॅनडाच्या सपाट मुलखातून आले होते. वेंडेलचे पणजोबा याच बेटाच्या उत्तर टोकावरून बोटीत बसून गेले होते, आणि त्यांचे घर शोधायला हा सत्तरीचा नातू, नव्हे पणतू, आला होता. सोमवारी सकाळी डोलीना माझ्या टपावर हात ठेवून त्यांना समजावत होती.

“डावीकडे ठेवा. सकाळी निघताना हमखास विसरायला होतं. दोघांनी मोठ्याने म्हणायचं, डावीकडे.”

“ते माझ्याकडे,” रोझलिन म्हणाली. “बेचाळीस वर्षं याला रस्ता सांगतेय मी. एकदा ऐकलेलं नाही.”

“आणि समोरचा दिसला की असं एक बोट उचलायचं.”

“हे आवडलं आपल्याला,” वेंडेल म्हणाला आणि लगेच बोट उचलून पाहिले.

“आता मागून कोणी आलं तर...”

“बाई,” वेंडेल हसून म्हणाला, “एकतीस वर्षं शाळेची बस चालवलीय मी. बर्फात. एका पोराला ओरखडा नाही. मागच्या गाड्यांचं आता काय शिकवता मला?”

डोलीनाही हसली. “बरं साहेब, नाही शिकवत.” तिने किल्ली दिली. पाहुण्याला तेच पुन्हा ऐकवणे तिला उद्धटपणाचे वाटले असावे. शिवाय पंपावर दुसरे गिऱ्हाईक उभे होते.

वेंडेल खोटे बोलत नव्हता. माझे स्टिअरिंग इतक्या जबाबदारीने धरणारे हात मला क्वचितच मिळाले. पण त्याच्या देशात शाळेची बस थांबली की मागच्या साऱ्या गाड्या थांबतात. बसला ओलांडून जायचे नाही, असा तिथला कायदा आहे. एकतीस वर्षे त्याने आरशात मागची रांग पाहिली होती, आणि मागे रांग आहे म्हणजे मुले सुखरूप आहेत, हे त्याच्या हातांना पाठ झाले होते.

मित्रांनो, आता तो मंगळवार.

आमची बोट आठवड्यातून तीनदा सुटते. मंगळवार, गुरुवार, शनिवार, दुपारी साडेबाराला. उत्तर टोकाला पेगी मॅकिनन राहते. तिची थोरली बहीण इना मुख्य भूमीवरच्या इस्पितळात होती. पेगी तीन आठवडे तिच्या उशाशी बसून होती. मेंढ्या व्यायला लागल्या म्हणून शनिवारी ती घरी आली आणि गुरुवारच्या बोटीने परत जाणार होती. मंगळवारी पावणेबाराला तिला फोन आला. नर्स म्हणाली, आजच या, गुरुवारपर्यंत थांबू नका. इना तुमचं नाव घेतेय.

पेगीने शेजारच्या फिनलेला हाक मारली. फिनले म्हणजे तिच्याच वयाचा एकटा माणूस, हिरव्या गाडीचा मालक. दोघे बारा वाजून दोन मिनिटांनी निघाले. पेगीने निघताना डोलीनाला फोन केला, “बोटवाल्यांना सांगून ठेव गं, मी येतेय.” फिनलेला धक्क्यावर पोचायला बावीस मिनिटे लागतात. म्हणजे वेळ होता.

दुसऱ्या मैलाला त्यांच्या पुढे मी होते.

वेंडेलला पणजोबांचे घर सापडले होते. दोन भिंती आणि एक चूल. तो आनंदात होता आणि जेवायला धक्क्याकडे परत निघाला होता. ताशी सतरा मैल, दोन्ही हात स्टिअरिंगवर, नजर समोर. हिरवी गाडी माझ्या आरशात आली तेव्हा बारा वाजून सहा मिनिटे झाली होती. तिच्यातल्या दोघांचे बोलणे मला तेव्हा ऐकू आले नाही. फिनलेने नंतर पंपावर डोलीनाला शब्द न् शब्द सांगितले, ते मी ऐकले.

“झोपलाय काय हा?” फिनले म्हणाला होता.

“झोपेल कसा? बघ, किती ताठ बसलाय.”

“माझी आजी याच्यापेक्षा भरभर चालायची. दोन काठ्या घेऊन.”

“देईल रे वाट. पुढच्या जागेला देईल.”

पुढची जागा आली. वेंडेल सरळ पुढे गेला. त्याच्या पुढचीही गेली. तिथून धक्क्यापर्यंतच्या नऊ मैलांत अशा एक्केचाळीस जागा आहेत, आणि समोरून त्या दिवशी कोणीच आले नाही, त्यामुळे थांबायचे त्याला काही कारणच पडले नाही.

माझ्या आत रोझलिन म्हणाली, “वेंडेल, मागे कोणीतरी आहे.”

“बघितलंय. हिरवी गाडी. काय शिस्तीत येताहेत बघ, किती छान अंतर ठेवलंय. आपल्याकडे असते तर एव्हाना हॉर्न वाजवून डोकं उठवलं असतं.”

“त्यांना पुढे जायचं असेल तर?”

“तसं असतं तर सांगितलं नसतं का?”

चौथ्या मैलाला फिनलेने एकदा दिवे लावून विझवले. आमच्याकडे याहून मोठ्याने बोलत नाहीत. वेंडेलने आरशात पाहिले, हसला आणि एक बोट उचलले.

“नमस्कार करतोय तो मला!” फिनले ओरडला. “अगं पेगी, हा नमस्कार करतोय!” त्याने हॉर्नवर हात ठेवला. “वाजवतो आता. म्हणू दे मला भोंगा.”

पेगीने त्याचे मनगट धरले. “नको. दचकला तर दलदलीत जाईल. म्हातारा माणूस आहे रे, बायको आहे सोबत. देईल वाट. द्यायलाच हवी.”

मला हात नाहीत, तोंड नाही. पण गाडीला एक गोष्ट करता येते, तिला बंद पडता येते. मी पंधरा वर्षांत कितीदा तरी बंद पडले होते. थंडीत, पावसात, एकदा तर नव्या नवरा-नवरीला चर्चच्या दारात ताटकळत ठेवले होते. त्या दिवशी मी एखाद्या जागेपाशी बंद पडावे म्हणून किती वाट पाहिली. माझे इंजिन कधी नव्हे इतके सुरेख चालले.

शेवटच्या मैलाला रस्ता टेकडीवरून उतरतो आणि धक्क्यावरून तो सगळा दिसतो. तिथे डोलीना उभी होती. बोट सुटायची वेळ होऊन गेली होती. कप्तानाने तिच्या शब्दावर बोट थांबवली होती, पण ओहोटी लागली होती, आणि पाणी उतरले की धक्क्यापाशी बोट तळाला टेकते. “आणखी दोन मिनिटं, डोलीना,” तो म्हणाला होता. मग पुन्हा, “आणखी दोन.” डोलीनाला टेकडीवर गाडी दिसली आणि तिने हात वर करून सांगितले, आली, आली! मग तिला दिसले की पुढची गाडी हिरवी नाही. पुढे तिचीच गाडी होती. मी होते. आणि उतारावर वेंडेलने वेग आणखी कमी केला होता, कारण उतारावर वेग कमी करावा असा नियम आहे.

बारा चौतीसला बोट सुटली. आम्ही पोचलो तेव्हा बारा अडतीस झाले होते आणि बोट खाडीच्या तोंडाशी होती. मासेमारीच्या नावा सकाळीच दूर गेलेल्या होत्या. दुसरे काही साधन नव्हते.

फिनलेने गाडी थांबवली, पण दार उघडले नाही. वेंडेल उतरला, पाय मोकळे केले आणि आनंदाने त्यांच्या खिडकीशी गेला.

“तुमचे आभार मानायचे होते हो,” तो म्हणाला. “काय धीराने गाडी चालवता तुम्ही! परक्या मुलखात माणूस आधीच बावरलेला असतो. तुमच्यासारखं मागे कोणी असलं की बरं वाटतं.”

फिनले समोर बघत राहिला. पेगीच्या मांडीवर पिशवी होती, तिचे बंद तिने दोन्ही हातांनी धरले होते. ती म्हणाली, “तुमच्या पणजोबांचं घर सापडलं का?”

“सापडलं! दोन भिंती आहेत अजून.”

“छान झालं,” पेगी म्हणाली.

तोवर डोलीना धावत आली. तिचा चेहरा पांढरा पडला होता. “वेंडेल, तुम्ही बाजूला का नाही घेतलं?”

“बाजूला? समोरून तर कोणीच आलं नाही.”

“मागे होते ना! एक्केचाळीस जागा आहेत हो, एका ठिकाणी थांबायचं! हिची बहीण तिकडे शेवटच्या घटका मोजतेय. ती बोट हिची होती.”

वेंडेलने खाडीकडे पाहिले. मग पेगीकडे. “मग हॉर्न का नाही वाजवला?” त्याने विचारले. आवाज चढलेला नव्हता. त्याला खरोखरच कळत नव्हते. “एकदा वाजवला असता तरी मी...”

पेगी गाडीतून उतरली आणि डोलीनाला म्हणाली, “चहा टाक गं. फिनलेने सकाळपासून काही खाल्लेलं नाही.”

माझ्याजवळून जाताना डोलीना तिला म्हणाली, “मी त्याला सांगितलं नव्हतं, पेगी. सांगायला लागले, तो हसला, आणि मी गप्प बसले.”

पेगी चालता चालता म्हणाली, “बोट उचलायला मात्र छान शिकवलंस.”

आयुष्यभराच्या मैत्रिणी त्या. एवढेच बोलली ती, पुन्हा त्यावर कधी काही बोलली नाही. पण डोलीना ते वाक्य रात्रंदिवस वाहते आहे, हे मला माहीत आहे. पंपावर गिऱ्हाईक नसले की ती माझ्या टपावर हात ठेवून उभी राहायची आणि तिचे ओठ हलायचे.

इना बुधवारी सकाळी गेली. जवळ नर्स होती.

गुरुवारी पेगी बोटीवर चढायला आली, तेव्हा तिच्या अंगावर काळा कोट होता. वेंडेल आणि रोझलिन तासभर आधीपासून धक्क्यावर उभे होते. वेंडेलने टोपी हातात घेतली होती. त्याने डोलीनाला विचारले होते की मी काय करू, आणि डोलीनाने सांगितले होते, काही करायचं नाही. तो पेगीच्या पुढे आला आणि म्हणाला, “बॅग उचलू का मी?”

पेगीने त्याच्याकडे पाहिले. फिनले पुढे सरसावला होता, त्याला तिने डोळ्यांनी थांबवले आणि बॅग वेंडेलच्या हातात दिली. तो ती घेऊन तिच्या मागून बोटीपर्यंत चालला. दोन पावले अंतर ठेवून.

“इनासुद्धा अशीच चालवायची,” बॅग परत घेताना पेगी म्हणाली. “रविवारी चर्चला जाताना तिच्या मागे आमची सगळ्यांची रांग. फिनले तिला शिव्या घालायचा. ती असती तर तुमची बाजू घेऊन भांडली असती बघा.”

रोझलिनने वेंडेलचा हात धरून त्याला मागे आणले.

त्यानंतर डोलीनाने नियमच बदलला. किल्ली हातात द्यायच्या आधी ती स्वतः शेजारी बसून गिऱ्हाइकाला दोन मैल चालवायला लावी, आणि फिनले आपली हिरवी गाडी घेऊन मुद्दाम मागे लागे. पाहुणा न सांगता जागा बघून थांबला आणि त्याने फिनलेला जाऊ दिले, की किल्ली मिळे. नाही तर परत फिरायचे. काही जण रागावत. “आम्ही सुट्टीवर आलोय, परीक्षेला नाही,” असे एक बाई म्हणाली होती. डोलीनाने तिला चहा पाजला आणि किल्ली दिली नाही. मीही पुढची चार वर्षे ही परीक्षा घेतली. मग माझा तळ गंजला, दुरुस्तीत अर्थ उरला नाही, आणि मला शेडमागे आणून ठेवले. माझ्याकडे आता कोणी फिरकत नाही, याबद्दल माझी तक्रार नाही. गाडीचे असेच होते.

मित्रांनो, तुम्हीही कधीतरी परमुलखात जाल. तुमच्या हातात कोणीतरी किल्ली ठेवेल. तुम्ही जपून चालवाल याची मला खात्री आहे, कारण परक्या रस्त्यावर बहुतेक जण जपूनच चालवतात. वेंडेलनेही जपूनच चालवले होते. त्याने कोणाला धडक दिली नाही, नियम मोडतोय असे त्याला वाटले नाही, एका मेंढीलाही त्याने घाबरवले नाही. तुम्हाला माझी विनंती एवढीच आहे की, तिथल्या माणसांनी रस्ता कसा वाटून घेतला आहे ते किल्ली घेण्याआधी विचारा, आणि सांगणारा सांगू लागला की त्याला हसून गप्प करू नका. कितीही वर्षे गाडी चालवली असली तरी नाही. मागच्या गाडीत कोण आहे आणि ते कशासाठी निघाले आहे, हे आरशात दिसत नाही. ते तुम्हाला ओरडून सांगतील अशी वाट पाहू नका. काही गावांत सांगत नाहीत.

एक राहिले. शुक्रवारी, परतीच्या आदल्या दिवशी, वेंडेल आणि रोझलिन मला घेऊन पुन्हा उत्तरेकडे गेले होते. पणजोबांच्या घराकडे ते वळले नाहीत. पेगीच्या बंद दारापुढे त्यांनी रानफुले ठेवली आणि परत फिरले. येताना पाचव्या मैलाला माझ्या आरशात टपालाची लाल गाडी दिसली. वेंडेलने पुढचीच जागा धरली, डावीकडे आत घेतले, मला थांबवले आणि मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिले. लाल गाडी आली, शेजारून गेली, तिच्या चालकाने एक बोट उचलले. वेंडेलने उचलले नाही. तो घड्याळाकडेच पाहत होता.

“किती?” रोझलिनने हळूच विचारले.

“नऊ सेकंद,” तो म्हणाला.

रस्ता मोकळा होता. तरी त्याने बराच वेळ मला सुरू केले नाही.